‘नाहीतर’ बाई

कोणी काहीही सांगू लागलं की बाई शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि मग विचारायच्या, "नाहीतर काय झालं असतं?" पावसामुळे उशीर झाला म्हणणाऱ्या मुलालाही हाच प्रश्न. पाऊस नसता तर वेळेवर आला असता का? मुलगा प्रामाणिक असला तर हसून खाली बसायचा, कारण उन्हाळ्यातही तो उशिराच येत असे. नांदेडच्या आमच्या लॉ कॉलेजात त्यामुळे त्यांचं नाव ‘नाहीतर बाई’ पडलं होतं. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा वर्गात शिरताना कोणीतरी मागून "नाहीतर आल्या" म्हणालं, तर त्या वळून म्हणाल्या, "आले. नाहीतर तुम्ही कँटीनला गेला असता."

आम्ही कायदा शिकायला आलो होतो. खून, दरोडे, जमिनीचे वाद, कोर्टातली भाषणं हे सगळं डोक्यात घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी अर्थशास्त्र कशाला, हे कोणालाच कळत नव्हतं. बाई त्यावर रागवायच्या नाहीत. त्यांना मुलांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "भोकर, उठा. मुखेड, तुम्ही सांगा." मी त्यांच्यासाठी कायमचा ‘अर्धापूर’ झालो. माझे वडील तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की आडनाव ऐकून माणसाला कुठं बसवायचं हे ठरवणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले, गाव विचारून थांबणारी बाई भली दिसते.

एका शनिवारी त्या आम्हाला अर्धापूरला केळी बघायला घेऊन आल्या. माझंच गाव, त्यामुळे मी पुढे पुढे करत होतो. व्यापाऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या आणि जो तो खरेदीचा एकच भाव सांगत होता. मी लगेच जाहीर करून टाकलं, की सगळे मिळालेले आहेत. बाईंनी मला गप्प केलं आणि एका व्यापाऱ्याला विचारलं, की उद्या तुमच्यातल्या एकानं जास्त भाव दिला तर काय होईल. तो हसला. सगळा माल त्याच्याकडं जाईल, मग झक मारून आम्हालाबी द्यावा लागंल, असं म्हणाला. परतीच्या एसटीत बाई माझ्याशेजारी बसल्या. "भाव सारखा असला म्हणजे कट झाला, असं नसतं," त्या म्हणाल्या. "वेगळा भाव देणाऱ्याचं पुढं काय होतं, ते बघायचं. त्याला माल मिळाला तर तो बाजार. त्याला शिक्षा झाली, तर मात्र कायद्याची गरज." मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

बाईंचं माहेर लातूरचं, मूळ घर उदगीरकडचं. घरात मराठीच्या जोडीला कन्नडही चालायची. एका स्नेहसंमेलनाला त्यांचे थोरले भाऊ आले. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी भर मांडवात बाईंना ‘तंगी’ अशी हाक मारली आणि आमची हसून पुरेवाट झाली. अर्थशास्त्राच्या बाई, आणि घरचे म्हणतात तंगी! दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं, की कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. मग हेही सांगितलं, की वडील अचानक गेले तेव्हा अण्णांनी स्वतःचं कॉलेज सोडून औषधांचं दुकान धरलं. पाहुणे पोरीच्या लग्नाची घाई करत होते. अण्णांनी सगळ्यांना वाटेला लावलं आणि तिला एम. ए. करायला पाठवलं. "मी इथं उभी आहे ती त्यांच्यामुळं," एवढं बोलून त्यांनी पुस्तक उघडलं. दर नागपंचमीला अण्णांची गाडी नांदेडला यायची आणि बाई माहेरी जायच्या. त्यांचे यजमान बँकेत, बहुतेक वेळ बदलीच्या गावी असत. बाईंचा खरा सण तो पंचमीचाच.

मी वकील झालो, नांदेडलाच काम करू लागलो. काही वर्षांनी जळकोट तालुक्यातून सुवर्णा नावाची एक मुलगी माझ्याकडे आली. औषधनिर्माणाची पदविका घेतलेली, गावात नवीन मेडिकल टाकलेलं. "सर, दुकान हाय, लायसन हाय, फ्रिज हाय. माल न्हाई," ती म्हणाली. लातूरच्या काही घाऊक औषधवाल्यांनी आणि जुन्या दुकानदारांनी मिळून एक मंडळ केलं होतं. नवीन दुकानाला माल द्यायचा, तर गावातल्या जुन्या दुकानदाराचं ना-हरकत पत्र आणा, असा त्यांचा नियम. छापील किमतीपेक्षा कमी घ्यायचं नाही, हा दुसरा. सुवर्णानं गावात सांगून ठेवलं होतं, की म्हाताऱ्या माणसांना ती रोजच्या गोळ्यांवर सवलत देणार. जुन्या दुकानदारानं पत्र दिलं नाही. तिची कपाटं रिकामी, जुन्या दुकानात फ्रिज नाही, आणि लोक इन्सुलिनसाठी एसटीनं लातूरला जात होते.

प्रकरण स्पर्धा कायद्याचं होतं, दिल्लीच्या आयोगापुढे जायचं. मी मंडळाचं पत्र वाचत खाली आलो आणि सचिव म्हणून अण्णांची सही दिसली.

बाईंकडे मी गेलो तो दुसऱ्या एखाद्या अर्थतज्ज्ञाचं नाव विचारायला. त्यांनी कागद मागितले. चष्मा लावून सगळे वाचले, सहीपाशी थोड्या थांबल्या, पुन्हा पहिल्या पानावर आल्या. मी म्हणालो, की कायदा असा करार दिसला की नुकसान झालं असं गृहीतच धरतो, तेव्हा फार मोठा अहवाल लागणार नाही. बाईंनी मान हलवली. समोरचे लोक ते गृहीतक खोडायला मोठा माणूस आणतील, म्हणाल्या. ते म्हणतील गाव लहान आहे, दोन दुकानं आली तर दोन्ही बुडतील. ते खोटं आहे हे तुम्ही कशावरून सांगणार? मग पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं नाव कशाला? मी बघते."

सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं गावोगाव फिरल्या. मी मध्येच लातूर शहर आणि सुवर्णाच्या गावाची तुलना करून आणली, तर माझ्यावर उखडल्या. शहरात दुकानं जास्त असणारच, ते मंडळामुळं नव्हे. सारख्या वस्तीची, सारख्या अंतरावरची गावं शोधायची. काही ठिकाणी मंडळ होण्याआधीच दुसरं दुकान आलेलं, काही ठिकाणी पत्राअभावी अडलेलं. फरक तिथं दिसेल. आणि तो दिसला. जिथं दोन दुकानं होती तिथं जुनं दुकानसुद्धा मंडळाला न कळवता सवलत देत होतं, रात्री उशिरापर्यंत उघडं राहत होतं, आणि कोणतंच बुडालं नव्हतं.

पण अहवालात बाईंनी आणखी एक परिच्छेद घातला. मंडळाची एक सामायिक गाडी होती, ती सगळ्या घाऊकवाल्यांचा माल एकत्र घेऊन आडगावी जायची. बाईंनी लिहिलं, की या गाडीमुळं स्पर्धेचं नुकसान नाही, उलट आडगावच्या माणसाचा फायदा आहे, आणि ती बंद करू नये. मी त्यांना विनवलं, की हे कशाला, समोरचा वकील हेच धरून बसेल. "तो परिच्छेद काढायचा असेल तर बाकीचेही काढ," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. अहवालाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं, की मंडळाचे सचिव माझे सख्खे थोरले बंधू आहेत.

दाखल करण्याआधी अण्णांना आपल्या तोंडानं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मी त्यांना माझ्या गाडीतून लातूरला घेऊन गेलो. वहिनींनी आल्याआल्या पाणी दिलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ताटात वाढली. अण्णांनी हात जोडून मला "शरणार्थ" असा नमस्कार केला आणि ते बाईंना मुलांचं, यजमानांच्या बदलीचं विचारू लागले. बाईंनी ताटाला हात लावला नाही. आधी सांगून टाकलं.

अण्णांनी बाईंचं ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाले, की मंडळ झालं तेव्हा निम्मे दुकानदार उधारीनं मरायला टेकले होते, कोणी कुठूनही माल आणून विकत होतं, औषध खरं की खोटं याचा पत्ता नव्हता. सगळ्यांना एकत्र बांधून त्यांनी जगवलं. बाई म्हणाल्या, की हे मला माहीत आहे. खोट्या औषधांवर लक्ष ठेवायला सरकारी खातं आहे, ते काम मंडळाचं नव्हे, आणि गाडीबद्दल मी चांगलं लिहिलं आहे.

"तू माझ्याविरुद्ध साक्ष देणार," अण्णा म्हणाले.

"तुमच्याविरुद्ध नाही, अण्णा. मंडळानं जे केलं त्यानं काय बदललं, तेवढंच लिहिलंय."

"लोक तसं वाचणार न्हाईत."

"न्हाईत वाचणार," बाई म्हणाल्या.

आम्ही निघालो तेव्हा वहिनींनी दारात बाईंना कुंकू लावलं. एरवी गाडीचं दार स्वतःच्या हातानं लावणारे अण्णा आत बसून राहिले. औसा रोडपासून रेणापूर फाट्यापर्यंत बाई अहवालाची पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी सुवर्णाच्या दुकानाचं भाडं कोण भरतंय, असं विचारलं.

दिल्लीला सुनावणी हिवाळ्यात होती. मंडळानं मुंबईहून एक अर्थतज्ज्ञ आणला होता, हुशार माणूस होता, त्यानं लहान गावाचा मुद्दा फार सफाईनं मांडला. मग त्यांचा वकील बाईंकडे वळला. बाईंचं इंग्रजी लातूरचं होतं, पण एकही शब्द अडखळत नव्हता. भावाशी काही जुनं भांडण आहे का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, की आत्तापर्यंत कधीच नव्हतं. दुसरं दुकान आलं असतं तर पहिलं बंद पडलं नसतं, याची खात्री देता का, असं त्यानं विचारलं. मी मनात देवा-बुद्धाचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "नाही देता येणार. कदाचित पडलं असतं. पण कोणतं राहावं हे गावातल्या गिऱ्हाइकांनी ठरवलं असतं, मंडळानं नाही." वकील गाडीच्या परिच्छेदावर आला. तो बरोबर आहे का, त्यानं विचारलं. हो, बरोबर आहे, बाई म्हणाल्या.

निकालात ना-हरकत पत्राची अट रद्द झाली, सवलतीवरची बंदी रद्द झाली, मंडळाला दंड झाला. सामायिक गाडी मात्र चालू राहू दिली. आणि आयोगानं लिहिलं, की या अहवालावर विश्वास ठेवण्याचं एक कारण म्हणजे त्यात मंडळाच्या बाजूचं जे होतं तेही सांगितलेलं आहे. जो परिच्छेद काढा म्हणून मी मागे लागलो होतो, त्यानंच केस उभी राहिली. सुवर्णाच्या कपाटांत औषधं आली. समोरच्या जुन्या दुकानदारानं महिन्याभरात सवलतीची पाटी लावली.

त्या वर्षी पंचमीला लातूरहून गाडी आली नाही. मी काही कामानं कॉलेजात गेलो होतो, तर बाई ग्रंथालयात एकट्याच बसलेल्या. "बाई, लातूर?" मी विचारलं. "यंदा न्हाई," त्या म्हणाल्या. वर्गात त्या ‘नाही’ म्हणायच्या, ‘न्हाई’ त्यांच्या तोंडी फक्त माहेरच्या गोष्टीत यायचं. मी धीर करून विचारलं, की बाई, तुम्ही तो अहवाल दिला नसता तर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा प्रश्न घरच्या गोष्टींना लावू नये," त्या म्हणाल्या. "उत्तर येतं, पण त्याचं काही करता येत नाही." त्यानंतरच्या पंचम्याही तशाच गेल्या. वहिनींचा फोन यायचा, अण्णांचा नाही.

बाई निवृत्त झाल्या. एका सकाळी मी त्यांच्या घरी बसलो असताना दारात भाड्याची गाडी थांबली आणि अण्णा उतरले. बरेच थकले होते. बाईंनी खुर्ची पुढे केली. पाणी पिऊन अण्णांनी थेट विषय काढला. मोबाइलवरून औषधं मागवायचं आता गावोगाव पोचलं होतं. कुठली तरी मोठी कंपनी, घरपोच गोळ्या, आणि सवलत अशी की घाऊकवाल्यालाही परवडू नये. "आमची दुकानं खाऊन राहिले," अण्णा म्हणाले. "तुझा कायदा आता आमच्या बाजूनं काही म्हणतो का, तेवढं सांग."

मला वाटलं, बाईंना आता त्यांना खूश करणं किती सोपं होतं. पण त्या म्हणाल्या, की स्वस्त विकणं हा गुन्हा न्हाई, अण्णा. ते खर्चाच्याही खाली विकतात का, त्यांच्या हातात बाजार आहे का, तुम्ही सगळे बंद पडल्यावर त्यांना भाव वाढवता येईल का, हे बघावं लागेल. अण्णा म्हणाले, मग बघ की.

आणि ते दोघं खरोखरच निघाले. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, तब्येत साथ देईल तसे, मंडळाच्या त्याच सामायिक गाडीत पुढे बसून चाकूर, अहमदपूर, जळकोट, उदगीर, निलंगा. मी दोन-तीनदा सोबत गेलो. दुकानात शिरलं की अण्णा सांगायचे, "ही माझी बहीण. हिला खरं सांगा, माझी लाज धरू नका." बाई गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून प्रश्न विचारायच्या. जळकोट तालुक्यात सुवर्णानं दोघांना चहा पाजला. अण्णांनी तिच्या दुकानातली कपाटं शेवटपर्यंत बघितली आणि माल वेळेवर येतो ना, असं विचारलं. गाडीत ते दोघं कन्नडात भांडत, मग शेंगा खात. इतक्या वर्षांत बाईंना मी तेव्हाइतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

उत्तर अण्णांना हवं तसं आलं नाही. लोक महिन्याच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोबाइलवर मागवत होते, पण ताप आला, लेकरू आजारी पडलं की दुकानातच येत होते. त्या कंपनीमुळं एकही दुकान बंद पडलेलं सापडलं नाही. पुढे एखादं पडलंच, तरी नवं उघडायला आता कोणाची आडकाठी नव्हती, मग भाव चढवून ती कंपनी किती दिवस टिकणार? नांदेडच्या घरी बाईंनी हे सगळं अण्णांसमोर मांडलं आणि म्हणाल्या, "केस होत न्हाई, अण्णा."

"एवढं फिरलो की आपण," अण्णा म्हणाले.

"फिरलो म्हणून तर कळलं."

अण्णा हसायला लागले. तू कुणाचीच न्हाईस बघ, म्हणाले. मग जरा वेळानं खाली बघत म्हणाले, की पंचमीला ये, वहिनी वाट बघून राहिली. पुढच्या पंचमीला लातूरची गाडी नांदेडला आली. बाई हिरवी इरकल नेसून गेल्या आणि चांगल्या आठवडाभर राहिल्या.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. दुखणं अंगावर काढलं होतं, आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. भोकर, मुखेड, किनवट, कंधार, सगळीकडची त्यांची मुलं आली, कोणी वकील, कोणी न्यायाधीश, कोणी अजून काही नाही. मातीला आम्ही सगळेच होतो. अण्णांना दोघांनी धरून आणलं होतं.

काही महिन्यांनी मंडळाची बैठक होती आणि मला लातूरला बोलावलं. मोबाइलवाल्या कंपनीविरुद्ध तक्रार करायची, असा बहुतेकांचा आग्रह होता. तरुण सदस्य तावात होते. एक जण म्हणाला, की अर्थतज्ज्ञ मुंबईहून आणू, पाहिजे तसं लिहून देणारे मिळतात. मला फी विचारली. मी काही बोलण्याआधी अण्णा टेबलाला धरून उठले.

"हे माझ्या बहिणीनं बघितलंय," ते म्हणाले. "माझ्यासोबत दुकानोदुकानी बसून बघितलंय. केस होत न्हाई."

तो तरुण नरमाईनं म्हणाला, की अण्णा, ती घरची गोष्ट झाली, आपण धंद्याचं बोलू.

"धंद्याचंच बोलून राहिलो. आपल्याला पाहिजे ते लिहून देणारा मिळंल. ते खरं हाय का, हे सांगणारं माणूस आता आपल्याकडं न्हाई. म्हणून मी सांगून राहिलो." मग त्यांनी विचारलं, की गाडी रोज गावोगाव जातेच, तर म्हाताऱ्या माणसांच्या महिन्याच्या गोळ्या तिच्यातून घरपोच द्यायला काय हरकत आहे.

शेवटी अध्यक्षांनी तक्रारीचा विषय बाजूला ठेवला आणि गाडीचा घेतला. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाची वेळ झाली तसे लोक उठून आपापल्या दुकानांकडे गेले. अण्णा तिथंच बसून होते. मी जवळ जाऊन बसलो, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.